आणाभर पट्टी

आमच्या घरात अंतर फुटात कुणी सांगत नसे. विहिरीपासून दार किती लांब, तर दोन साखळ्या आणि वर चार आणे. शाळेची भिंत किती, तर तीन साखळ्यांना दोन आणे कमी. बाहेरच्या माणसाला वाटायचं, हे लोक फारच हिशेबी दिसतात, भिंतीचीसुद्धा किंमत काढतात. तसं काही नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सरकारी जमीन मोजणीत नोकरीला होते, आणि मोजणीच्या जुन्या साखळीला सोळा आणे असायचे. साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा सारखे भाग केले की एकेक भाग म्हणजे एक आणा, दोन फुटांहून पाऊण इंच जास्त. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. "पाढे पाठ व्हायच्या आधी माझ्या लेकीला हे येत होतं," असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते खरं नव्हतं, पण मला ऐकायला फार आवडायचं.

साखळी म्हणजे खरोखरच लोखंडाची साखळी, दोन्ही टोकांना पितळी मुठी. सुट्टीच्या दिवशी आबा ती घरी आणायचे, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे आणि मग आमच्या वस्तीच्या मागच्या माळावर मला घेऊन जायचे. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, यात काडीचा रस नव्हता. तो त्या वेळी कबड्डीत बुडालेला असायचा. त्यामुळे साखळीचं मागचं टोक धरायचं काम माझ्याकडं आलं. पुढचं टोक घेऊन आबा चालत जायचे, साखळी खळखळत उलगडायची, आणि शेवटाला पोचले की ओरडायचे, "ताण!" मग मी पाय रोवून मूठ ओढून धरायचे.

मागच्या टोकाबद्दल आबांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "पुढचा माणूस आकडा वाचतो, पण इमान मागच्याच्या हातात आस्तंय. मागच्यानं मूठ चार बोटं पुढं धरली तर पुढच्याला हयातीत कळायचं न्हाय." साखळीला झोळ पडू द्यायचा नाही, कारण झोळ पडला की अंतर उगाच वाढतं. उतारावर साखळी जमिनीला टेकवायची नाही, हवेत आडवी धरायची, कारण मोजणी सपाटीची असते, चढाची नव्हे. साखळी जुनी झाली की कड्या ताणून लांबते, म्हणून अधूनमधून तिचंही माप घ्यायचं. एवढं सगळं मला शाळेच्या कुठल्याच बाईंनी शिकवलं नाही. मोजताना आबा माझ्याशी जसं बोलायचे तसं घरात कुणाशीच बोलायचे नाहीत, आईशीसुद्धा नाही. तेव्हा मला वाटायचं, मी त्यांची फार विश्वासातली आहे.

आमचं गाव कोल्हापूरहून बिद्रीकडं जाताना लागतं. गावाच्या पूर्वेला आमची बौद्ध वस्ती. आजोबांच्या काळात वस्तीतल्या कुणाच्याही नावावर पाय ठेवण्यापुरतीसुद्धा जमीन नव्हती. पुढं घरांसाठी जागा मिळाल्या, तेव्हा शेजारच्या शेतवाल्यानं एक चलाखी केली. त्यानं आपल्या वाटणीतली हातभर रुंदीची पट्टी रस्त्याच्या आणि आमच्या घरांच्या मधे ठेवून घेतली. त्या पट्टीत काही पिकत नव्हतं आणि त्यानं कधी काही पेरलंही नाही. पण ती त्याची होती. त्यामुळे आमच्या दारात बैलगाडी येऊ शकत नव्हती, लग्नाचा मांडव रस्त्याला लागू शकत नव्हता, आणि बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर खाटेवरून मागच्या ओढ्यातून न्यावी लागायची. पुढं त्याच माणसाच्या पोरांनी ती पट्टी सोडली, पण तोवर एक पिढी ओढ्यातूनच ये-जा करून म्हातारी झाली होती.

हे आबा दर जयंतीला विहारापुढच्या मंडपात उभं राहून सांगायचे. "वाट आडवायला भिंत लागत न्हाय, हातभर पट्टी पुरती," असं ते म्हणायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्याच भाषणात पुढं लेकींचा हक्क यायचा. कायद्यानं लेकीला लेकाइतकं दिलंय, तुम्ही कोण कमी करणारे, असा सरळ सवाल ते समोरच्या बाप्यांना करायचे. मी पहिल्या रांगेत बसलेली असायचे आणि बायका माझ्याकडं वळून बघायच्या. नशीबवान पोरगी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला वाचता यायचं.

नोकरीत असतानाच आबांनी पगारातून साठवून रस्त्याकडेला अर्धा एकर जमीन घेतली. आमच्या घराण्यात कुणाच्या नावावर झालेली ही पहिली जमीन. खरेदीच्या दिवशी ते त्या जमिनीच्या चारी बाजूंनी नुसतेच चालत राहिले. आई म्हणाली, "बसा की आता, कुठं पळून जात न्हाय ती." आबा बसले नाहीत.

माझं पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मी परिचारिका झाले. लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती तीन वर्षांची असताना नवऱ्यानं दुसरीकडं संसार मांडला. मी कळंब्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, ड्युट्या केल्या, मुलीला शिकवलं. ती आता पुण्यात नोकरी करते. घरमालक बदलत गेले, खोल्या बदलत गेल्या. एका मालकिणीनं तर मला तोंडावर विचारलं होतं, तुमच्याकडं पुरुषमाणूस कुणी येत-जात नाही ना? त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. स्वतःच्या जागेवर स्वतःचं दार, आणि दार उघडलं की समोर रस्ता. मधे कुणाला विचारायची गरज नको.

हे मी आबांना बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनीच एकदा जेवताना विषय काढला. "रस्त्याकडंची तीन गुंठं तुला देतो. एक साखळी रुंद, तीन साखळ्या आत. पेन्शनीच्या आत घर बांधून घे." दादा शेजारीच जेवत होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "बघतीस काय? बांध की. शेजार होईल." वहिनीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी त्या रात्री कळंब्याला परत आल्यावर मुलीला फोन करून अर्धा तास नुसती हसत होते.

जागा आखून द्यायच्या दिवशी आबांनी टेप आणलेला नव्हता. खात्यातून भंगारात निघालेली एक साखळी त्यांनी लिलावात घेऊन ठेवली होती, तीच खांद्यावर टाकून आले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तोवर मोजणीत मीटर आला होता, दुर्बिणीची यंत्रं आली होती. पण आपल्या लेकीची जागा आपण आपल्या साखळीनंच मोजणार, असा त्यांचा हट्ट होता. मला गहिवरून आलं. पन्नाशीकडं झुकलेली बाई मी, पण पदर खोचला आणि मागचं टोक धरलं.

रस्त्याकडची बाजू माझ्याकडं होती. मी डांबराच्या कडेला गवतात उभी राहिले. आबा म्हणाले, "तितं न्हवं. ती रस्त्याची सरकारी हद्द हाय. आत सरक." मी सरकले. "आजून." आणखी सरकले. "जरा आजून... हां. बास. रोव पाय." मी पाय रोवले, मूठ जमिनीला टेकवली, आणि ते पुढं निघून गेले. तीन साखळ्या आत मोजून परत आले, मग दुसऱ्या कोपऱ्यावर तसंच. तिथंही मी आधी गवताशी उभी राहिले आणि तिथंही त्यांनी मला आत घेतलं. चारी कोपऱ्यांवर दगड पुरले. दगडांवर त्यांनी स्वतः चुना लावला. रस्ता सरकारचा, गवताची कड सरकारची, आणि दगडापासून आत माझं, एवढं मला कळलं आणि पुरेसंही वाटलं.

बक्षीसपत्र झालं. चतुःसीमा आबांनीच सांगितल्या आणि मी सही केली. वाचल्या का, असं आता लोक विचारतात. मोजणीदाराच्या लेकीनं बापानं घातलेली हद्द वाचून तपासायची, हे त्या वेळी कुणी सुचवलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं. परक्याच्या मोजणीवर मी शंभर शंका काढल्या असत्या. मागचं टोक कुणी धरलं होतं, हे पहिल्यांदा विचारलं असतं. इथं मागचं टोक मीच धरलं होतं.

घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं पायरी. पायरीवर बसलं की रस्ता दिसतो, उसाच्या ट्रॉल्या दिसतात, कारखान्याचा हंगाम असला की सगळीकडं मळीचा वास. मी बिऱ्हाड हलवलं आणि एसटीनं कोल्हापूरला ड्युटीवर जाऊ लागले. पायरीपासून गवत ओलांडलं की स्टॉपवर पोचायला दोन मिनिटं. वहिनी पलीकडून हाक मारायची, आबा संध्याकाळी चहाला यायचे. ते दिवस चांगले होते आणि त्यांना आता वाईट म्हणायची माझी तयारी नाही. फक्त ते आठवले की संताप येतो.

निवृत्ती जवळ आली तशी मी कंपाउंड घालायचं ठरवलं. तीन बाजूंना भिंत आणि रस्त्याकडं लोखंडी गेट. दादा म्हणाला, "आधी सरकारी मोजणी करून हद्द पक्की करून घे. उद्या पोरांत कटकट नको." बोलणं शहाणपणाचं होतं. मी अर्ज केला. आबांना सांगितलं तेव्हा ते एकदम चिडले. "कशाला पायजे मोजणी? मी मोजलंय की! माझ्या मोजणीवर मोजणी?" म्हाताऱ्या माणसाचा मान दुखावला, असं मला वाटलं. मी त्यांची समजूत घातली. तुमच्या साखळीला कोण नाव ठेवतंय आबा, सरकारी शिक्का लागतो म्हणून करायचं, एवढंच. दोन दिवस ते चहाला आले नाहीत.

मोजणीला आलेली भूकरमापक पंचविशीतली मुलगी होती, टोपी घातलेली, पायात बूट. तिच्याजवळ एक काठी होती आणि काठीवर पांढरी तबकडी. उपग्रहाकडून जागा विचारून घेणारं यंत्र, रोव्हर म्हणतात त्याला. काठी जमिनीवर टेकवायची, थोडं थांबायचं, की आपण नेमके कुठं उभे आहोत ते पडद्यावर येतं. मागचं टोक धरायला कुणी लागत नाही. आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले होते, दादा-वहिनीही आले होते. आपल्याच खात्यातले निवृत्त म्हटल्यावर ती मुलगी त्यांच्या पाया पडली. "लेकी पण मोजणीला याया लागल्या," असं म्हणून आबा खूश झाले आणि तिला कुठली, काय, विचारत राहिले.

तिनं गटाच्या हद्दी घेतल्या, रस्त्याची हद्द घेतली, मग माझ्या दगडांवर काठी टेकवली. पडद्याकडं बघून थांबली. पुन्हा रस्त्याकडं गेली, पुन्हा दगडावर आली.

"ताई, तुमचा दगड रस्त्याला लागत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रस्त्याची हद्द गवताच्या अलीकडंच संपते. तिथून तुमच्या दगडापर्यंत मधे पट्टी राहते. ती मूळ गटात आहे. वडिलांच्या नावावर."

मी हसले. म्हटलं, "तुमचं यंत्र चुकलं असेल. आमच्या आबांनी मोजलंय."

"किती चुकेल? दोन-चार सेंटिमीटर. इथं या कोपऱ्याला त्रेसष्ट सेंटिमीटर येतंय. त्या कोपऱ्याला बासष्ट."

ती मीटरमध्ये शिकलेली मुलगी. तिला त्या आकड्यात काही दिसलं नाही. मला दिसलं. परिचारिका म्हणून मी आयुष्यभर मिलिलिटरात वावरले, पण लहानपणी डोक्यात बसलेलं जात नाही. त्रेसष्ट सेंटिमीटर म्हणजे दोन फूट आणि वर पाऊण इंच. म्हणजे एक आणा. या कोपऱ्यालाही एक आणा आणि त्या कोपऱ्यालाही एक आणा. हात चुकला असता तर एकीकडं वीतभर चुकला असता आणि दुसरीकडं चार बोटं. रस्त्याची हद्द नीट ठाऊक नसती तर पट्टी कुठं रुंद, कुठं अरुंद झाली असती. इतकी सरळ, इतकी काटेकोर पट्टी चुकून पडत नाही. ती मोजून ठेवावी लागते, आणि आण्यात मोजणारा माणूस त्या जागी एकच होता.

मी वळून आबांकडं बघितलं. ते खुर्चीत बसल्या बसल्या चपलेच्या टोकानं माती उकरत होते.

त्या मुलीनं पट्टीवरून चुन्याची रेघ मारली, सह्या घेतल्या आणि माणसांना घेऊन निघून गेली. मग आम्ही चौघंच उरलो. आबा, दादा, वहिनी आणि मी. आमच्याकडं बायकासुद्धा बोलताना येतो, जातो असंच म्हणतात. इतकी वर्षं शहरात काढून माझी भाषा बदलली आहे, पण त्या दिवशी सगळी परत आली.

"आबा, ही आणाभर पट्टी कुणी ठेवली?"

"मी ठेवली," आबा म्हणाले. टाळाटाळ नाही की काही नाही.

"मला सांगितलं न्हाईसा."

"सांगितलं आसतं तर घेतली आसतीस व्हय जागा?"

"कशापायी ठेवलीसा?"

आबांनी मान वर केली. त्यांचा आवाज भाषणातल्यासारखाच खणखणीत होता. "रस्त्याकडंची जागा हाय. कुणी बी गोड बोलंल आणि तू इकून मोकळी व्हशील. पट्टी आसली की इचारल्याबिगर कोण घेणार न्हाय."

"मी इकतो व्हय आबा? आवं, सगळी कमाई वतली मी हितं. भाड्याच्या खोल्यांत जल्म गेला माझा. मी इकीन?"

"तू न्हाय इकणार. पर तुझ्यामागं? तुझी लेक पुण्यात. ती कुणाच्या घरची व्हणार? लेकीची लेक म्हंजे जमीन गेलीच की भायेर. आमच्या बापाला टेकाया जागा नव्हती. मी उभी केल्याली जमीन परक्याच्या दारात जाऊ द्यू?"

मला काय झालं ते स्पष्टच सांगते. इतका राग आला की मला तिथल्या तिथं त्या चारी दगडांना लाथ मारावीशी वाटली. नवरा गेला तेव्हासुद्धा मी अशी पेटले नव्हते. तो परका माणूस होता, त्याच्याकडून माझी अपेक्षाच थोडी होती. हा माझा बाप. लेकीला लेकाइतकं द्या म्हणून मांडवात ओरडणारा, आणि पट्टी ठेवणाऱ्याला भर सभेत शिव्या घालणारा. आपण ज्या पट्टीपायी ओढ्यातून बाळंतिणी नेल्या, तीच त्यानं शिकून घेतली होती. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरा शब्द नाही. आणि माझं केवढं भान ठेवलं होतं त्यांनी! दुसऱ्या कुणाच्या हातात मागचं टोक दिलं असतं तर त्या माणसानं विचारलं असतं, आणखी आत कशाला? मी विचारणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून मलाच उभं केलं.

"तुमी भाषणात काय सांगत हुतासा आबा?" मी विचारलं. "हातभर पट्टीचं?"

"ते येगळं," आबा म्हणाले. "त्यो दुसऱ्याची वाट आडवत हुता. मी कुठं आडवतोय? माझीच लेक हाईस."

दादाला हे माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं आणि अजूनही मला त्याबद्दल शंका नाही. तो पुढं आला. "आबा, दिऊन टाका की तिला. आणाभर पट्टीत माझं काय पिकणार हाय?"

"पिकायसाठी ठेवली न्हाय."

"मग ठेवायची कशाला? तिला गेट बसवायचंय. दुसऱ्याच्या जागंतनं गेट बसतंय व्हय? उद्या कचेरीत जाऊन नावावर करून दिऊया."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. आबा बोलले तेव्हा नाही. लहानपणी कधी साखळीला हात न लावलेला भाऊ माझ्या बाजूनं उभा राहिला होता. मला वाटलं, चला, एक तरी माणूस आहे. पट्टी मिळाली नाही तरी चालेल, असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं.

आबा खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागतो. दादा आधार द्यायला गेला, तर त्यांनी त्याचाच हात धरून ठेवला. "तुला सांगतो, ध्यान दिऊन ऐक. मी हाय तवर पट्टी माझ्या नावावर. माझ्यामागं तुझ्या. तू बी दियाची न्हाईस. कायदा सांगू दे, न्हाय तर ही रडू दे. सांग मला, न्हाय देणार म्हणून."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघत होते. वहिनी त्याच्या मागं उभी होती, तिनं काही खूण केली असेल-नसेल, मला दिसलं नाही. आबांची पकड सुटत नव्हती.

"बरं, आबा," दादा म्हणाला.

"बरं न्हाय. न्हाय देणार म्हण."

"न्हाय देणार."

वहिनीनं खुर्ची उचलली आणि ते तिघं त्यांच्या घराकडं गेले. मी पायरीवर बसून राहिले.

मुलीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, आई, आजोबांकडून चूक झाली असेल का? वय झालंय ना त्यांचं. तिला अजून कुठंतरी सुटका हवी होती. मी म्हटलं, चूक झालेली नाही, माप अगदी बरोबर आहे. मग तिनं विचारलं की आपण कोर्टात जायचं का. वकील म्हणतात, वहिवाटीचा हक्क मागता येतो, इतकी वर्षं तुम्ही तिथूनच ये-जा करता. असेल. पण त्यासाठी मला न्यायाधीशापुढं उभं राहून, माझ्या बापानं आणि भावानं माझी वाट अडवली, असं म्हणावं लागेल. त्यांनी तर वाट अडवलेली नाही. कुणीही येऊन बघावं, तिथं काटा नाही, दगड नाही, तार नाही.

गावातल्या बायकांना या सगळ्यात काही मोठं दिसत नाही. आबांचं वय झालं, त्यांचं मन राखावं, आणि तुला जायला-यायला कोण नको म्हणतंय, असं त्या मलाच समजावतात. जयंतीला आबा पुन्हा बोलायला उभे राहिले. मी गेले नाही. मी घरात दार लावून बसले तरी लाऊडस्पीकरवर सगळं ऐकू येत होतं, आणि पट्टीचं तेवढं त्यांनी यंदाही सांगितलं. टाळ्याही पडल्या.

कंपाउंड मी तीन बाजूंना घातलं. पुढची बाजू मोकळी आहे. गेटचं माप घेऊन गेलेला लोहार एक-दोनदा फोन करून थांबला.

मोजणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या एसटीला निघाले होते. पायरी उतरले, दगड मागं टाकला. दादा दात घासत रस्त्याच्या कडेला उभा होता, माझीच वाट बघत असावा. कालच्या प्रकारानंतर त्याला माझ्याशी चांगलं वागायचं होतं, हे मला दिसत होतं. त्यानं तोंडातलं थुंकलं, बाजूला सरकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "जा गं बिनघोर. तुला कोण आडवतंय?"

त्या सकाळपर्यंत हे मला कुणी सांगायची वेळ आली नव्हती.